मरीनाने फादरना दिलेलं उत्तर

आमच्या गावात लग्न असलं की माईक माझ्या हातात असतो. नवरदेवाच्या मामापासून आचाऱ्यापर्यंत मी कुणाला सोडत नाही, आणि लोक 'याच्या तोंडी लागू नका' म्हणत पोट धरून हसतात. वसईच्या आमच्या वाड्यांत केळी पिकतात त्याहून जास्त टोपणनावं पिकतात. अशा माणसाच्या घरी देवाने मुलगी दिली, ती थट्टा न कळणारी. मरीनाच्या मेंदूच्या उजव्या आणि डाव्या भागांना जोडणारा पूल जन्मापासूनच तयार झालेला नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला चित्र दाखवून समजावलं. ती बोलेल, वाचेल, शब्दही भरपूर येतील, पण माणसांचे चेहरे आणि बोलण्यामागचं बोलणं तिला जड जाईल, असं ते म्हणाले. तसंच झालं. पाहुणी निघताना 'येते हं' म्हणाली की मरीना दारात स्टूल टाकून तिची वाट बघत बसायची. सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचो. गावाची थट्टा करणाऱ्याची देवाने थट्टा केली, असंच मी धरून चाललो होतो. संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना चालायची, तेव्हा माझे ओठ तेवढे हलायचे.

बायकोचा विश्वास मात्र कधी ढळला नाही. मरीनाला बोलण्याचे धडे देणाऱ्या बाईंनी सांगितलेलं तिने व्रतासारखं पाळलं. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण मरीनाशी सरळ मराठी, आणि एका वेळी एकच गोष्ट. शिवाय एक नियम होता: चेहरा कळला नाही तर अंदाज करायचा नाही, विचारायचं. मरीनाने हा नियम असा अंगी बाणवला की एकदा बसमध्ये एका गृहस्थाला तिने विचारलं, "काका, तुम्ही रागावलात की तुमचं तोंडच असं आहे?" आम्ही पुढच्याच स्टॉपवर उतरलो.

मग तिच्या वर्गातल्या मुलांचं पहिलं कम्युनियन जवळ आलं. मुलाने पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तो दिवस आमच्याकडे छोट्या लग्नासारखाच असतो. पांढरा झगा, नातेवाइकांची पंगत, सगळं असतं. मरीनाला प्रार्थना घडाघडा पाठ होत्या. पण धर्मशिक्षणाच्या टीचरनी मला चर्चच्या आवारात बाजूला घेतलं. "राग मानू नका, पण तिला पाठ आहे, कळलेलं नाहीये. ख्रिस्तप्रसाद घेताना थोडं तरी कळायला हवं ना? पुढच्या वर्षी बघू या का? फादर रविवारी स्वतः तिच्याशी बोलतील, मग ठरेल." बाई मनाच्या चांगल्या होत्या, म्हणून ते जास्तच लागलं. झग्याचं कापड घरात येऊन पडलं होतं आणि मरीना ते उशाशी घेऊन झोपत होती. सगळी पुढे गेली आणि मी एकटी मागे का, असं तिने विचारलं असतं, तर मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

त्याच संध्याकाळी तिला स्कूटरवर घेऊन मी राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो. सुट्टीचा वार नव्हता, त्यामुळे माणसं तुरळक होती. समुद्राकडे तोंड करून मी मनातल्या मनात देवाशी भांडत होतो. मागे वळून पाहतो तर मरीना जागेवर नाही! बांबूंवर बोंबील सुकत होते, ते उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळणीसमोर ती उभी होती. मी धावत पोचेपर्यंत तिचा प्रश्न विचारूनही झाला होता.

"मावशी, तुझं तोंड ओलं आहे. घाम आहे की रडतेस?"

मी माफी मागणार, तेवढ्यात बाईने मला हातानेच थांबवलं.

"रडते गो बाय. माजा भाव गेला."

"कुठे गेला?"

"मेला."

"मग मी काय करू?"

"तू काय करशील? बस माज्यापाशी जराशी. घरी समदी सांगतात, रडू नको, रडू नको. बसत कोन नाय."

मरीना बसली. बाई बोंबील काढून देत होती आणि मरीना ते टोपलीत लावत होती, सगळ्यांची डोकी एका बाजूला. बाई भावाचं काहीबाही सांगत होती. लहानपणी तो तिला होडीत घेऊन जायचा, आईचा मार चुकवायला तिच्यामागे लपायचा. सांगता सांगता ती पदराने डोळे पुसायची. "आता रडतेस," मरीना म्हणायची. "हां," बाई म्हणायची. गावाला हसवणारा मी नुसता उभा होतो. निघताना बाईने मरीनाच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "पोर सोन्याची हाय तुजी. इचारते तरी." मी तिचं नावही विचारलं नाही.

रविवारी फादरनी मला दाराशी बसू दिलं. मरीनाने सगळ्या प्रार्थना म्हणून दाखवल्या. फादरनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "एक सांग. येशूचा मित्र लाझरस मेला तेव्हा त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला. आपण त्याला जिवंत करणार, हे तर त्याला ठाऊक होतं. मग तो का रडला?"

गोष्ट धड्यात होती, हा प्रश्न कुठेच नव्हता. टीचर खिडकीबाहेर बघतायत.

"लाझरसच्या बहिणी रडत होत्या," शेवटी मरीना म्हणाली. "येशू त्यांना रडू नका म्हणाला नाही. तो आधी त्यांच्याजवळ थांबला. मग भावाला उठवलं."

फादर टीचरना म्हणाले, "हे मला प्रवचनात घ्यावं लागेल." आणि मरीनाला म्हणाले, "पळ आता, आईला सांग झगा शिवायला." मरीना खरोखर पळत सुटली, आवारातून, रस्त्याने, थेट घरापर्यंत. मी धापा टाकत मागे, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होतो, माझी मुलगी आहे ती!

त्या बाईला तिथे कुणी धाडलं, यावर मी वाद घालणार नाही. राजोडीला कोळणी असायच्याच, आणि त्यांनाही भाऊ असतात. मला एवढंच ठाऊक आहे की जे मला, टीचरना आणि धड्यांना मिळून शिकवता आलं नव्हतं, ते देवाने बोंबलांच्या टोपलीशी बसून शिकवलं, आणि त्यात माझा हात कुठेच नव्हता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी भांडणं सोडलं.

कम्युनियनच्या दिवशी मुलं रांगेने पुढे गेली. फादर प्रत्येकापुढे प्रसाद धरून म्हणत होते, "ख्रिस्ताचं शरीर," आणि मुलं लाजत पुटपुटत होती, "आमेन." मरीनाची पाळी आली. तिच्या लेखी शब्द हा पुटपुटण्यासाठी नसतोच. तिचं "आमेन" शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत गेलं, आणि माझी मान ताठ झाली. आमेन म्हणजे तसंच असो. जन्मभर मी तो शब्द म्हणत आलो होतो, पण कशाला म्हणतोय याचा विचार कधी केला नव्हता. मुलांनंतर आम्हा आईबापांची रांग लागली. वेदीजवळ हात जोडून उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे मी एकदा डोळे भरून पाहिलं. ती आहे अगदी तशीच असो, प्रभू. आणि मीही मोठ्याने म्हणालो, "आमेन."