पितृपक्षातलं जहाज

"तुमी लिवा," असं म्हणून ती उजव्या हाताचं बोट माझ्या टेबलावर दोनदा आपटायची. मी काहीही अडचण सांगितली तरी उत्तर हेच. तारीख मिळणं अवघड आहे म्हटलं, तरी तुमी लिवा. मुलं येतील का, असं विचारलं, तरी तुमी लिवा. समोरच्याला नाही म्हणणं हे आमच्या धंद्यातलं निम्मं काम असतं आणि त्यात मी चांगला तयार आहे. तिच्यापुढे मात्र माझं काही चालत नसे.

विट्यात स्टँडजवळ माझं प्रवासाचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायला देशभर पांगलेली आहेत. जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं करायचं, याला गलाई म्हणतात. गावोगावच्या सराफ बाजारात आमच्याच माणसांच्या भट्ट्या. त्यामुळे रेल्वेची तिकिटं काढता काढता माझे केस पांढरे झाले. तिच्या नवऱ्याची तिकिटं मी काढली, मग तिच्या तीन मुलांची काढली. थोरला कानपूरला, मधला रायपूरला, धाकटा सुरतेला. ती मात्र कायम गावात. पंचवीस वर्षांत तिच्या नावाचं एक तिकीट माझ्या हातून निघालं नव्हतं.

तर ही बाई एके दिवशी दुपारी आली, खुर्चीत बसली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बोटीचं काढायचंय."

मला वाटलं, बामणोलीला धरणात फिरायचं असेल. म्हटलं, "आक्का, त्याला बुकिंग लागत नाही. तिथं जाऊन बसायचं."

"तसली न्हवं. मुंबईतनं समुद्रात जाती ती. हाटेलावानी असती, राहायला खोल्या असत्यात. आमी बाराजण हाय. तीन पोरं, तीन सुना, पाच नातवंडं आन मी."

मी तसा तोंडाळ माणूस. म्हटलं, "आक्का, या वयात बाया काशीला जातात."

"देवाकडं माझं काय काम अडलंय?" ती म्हणाली. "तुमी लिवा."

तिला तसं बोट, समुद्र, नाचगाणी यांचं काही अप्रूप नव्हतं. खरं कारण मला तिसऱ्या खेपेला कळलं. चहा पिता पिता तिनं मलाच विचारलं, "भाऊ, यात्रंला माझी पोरं येत्यात, ती किती दिवस राहत्यात, सांगा. तिकिटं तुमीच काढताय."

मी आठवून पाहिलं. एकजण यात्रेच्या आदल्या दिवशी येऊन रात्री पालखी निघाली की जायचा. दुसरा त्या दिवशी सकाळी उतरायचा. तिसरा बायकोपोरांना पाठवून स्वतः कधी यायचा, कधी नाही. आले तरी ती चुलीपुढे आणि हे बाहेर फोनवर.

"जहाजावरनं कोण उठून जाणार हाय?" ती म्हणाली. "आन सैपाकबी मला करायचा न्हाई. बसून बघीन तिघांच्या तोंडाकडं."

मग हलकेच म्हणाली, "ह्येंच्या टायमाला तुमी बघितलंय की."

बघितलं होतं. भट्टीच्या धुरानं छाती भरली तेव्हा तिचा नवरा गावी परत आला आणि पंधरा दिवसांत गेला. थोरला अग्नी द्यायला कसाबसा पोचला. मधला तिसऱ्या दिवशी राख सावडायला आला, तोवर थोरला निघायच्या गडबडीत. धाकटा थेट दहाव्याला. तीन भाऊ बापाच्या दारात एका वेळी उभे राहिले नाहीत. "माझ्या टायमालाबी असंच करणार ती," ती म्हणाली. "मग जित्ती हाय तवर बघू दे की मला. चुकलं का माझं?"

मी फॉर्म पुढे ओढला. तेव्हापासून मी तिच्या बाजूचा झालो, पण तिला कळू दिलं नाही.

आता तारखेचं घोडं अडलं. दिवाळीत सोन्याचा धंदा तेजीत, लग्नसराईत तेजीत, दसऱ्याला तर विचारूच नका. मुलांनी एकेक करून सगळे महिने खोडले. आठ दिवसांनी ती आली ती तारीख ठरवूनच. म्हणाली, "म्हाळाचे पंधरा दिवस धरा. पितर घरी येत्यात, त्या दिवसांत सोनं कोण घेत न्हाई. भट्ट्या गार असत्यात."

तुम्हाला सांगतो, मी हातातलं पेन खाली ठेवलं. पितृपक्षात आमच्याकडे माणूस नवी चप्पल घेत नाही आणि ही जहाजावर चालली. पण हिशेब चोख होता. त्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे पितृपक्ष थेट ऑक्टोबरात गेला होता. समुद्र शांत, जहाज सुटत होतं आणि तिन्ही भट्ट्या मोकळ्या. एवढंच नव्हे, तिच्या नवऱ्याचा म्हाळ जहाजाच्या चार दिवसांतच पडत होता. मी म्हटलं, "आक्का, त्याचं काय?"

"तुमी लिवा. त्येंचं मी बघते."

बातमी गावात फुटायला वेळ लागला नाही. तिचा दीर माझ्या ऑफिसात आला. पांढरी टोपी, हातात काठी, भावकीत त्याच्या शब्दाला मान. नेमकी तीही आत बसलेली. त्यानं तिच्याकडे न बघता मला झापायला सुरुवात केली. "पितर दारात यायचं आन घराला कुलूप? लोक तोंडात शेण घालतील आमच्या. हे बुकिंग रद्द करा."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. आवाज चढवला नाही.

"भावजी, तुमचं दादा तीस वर्सं परमुलखात हुतं. जित्तेपणी घरी कवा आलं, ते मला ठावं हाय. आता पितर होऊन यायचं असंल तर येऊ द्यात. घराला कुलूप दिसलं तर तुमी हायसा की शेजारी. सांगा त्यास्नी, जहाजावर जावा म्हणावं. पोरं समदी तितंच हायत."

म्हातारा काठी टेकत निघून गेला. मी गालातल्या गालात हसत होतो. तिनं बोट आपटलं. "हसू नगा. खोल्यांचं लिवा."

खोल्यांचीही तऱ्हाच. जोडप्याला एक खोली, असं मी मांडलं होतं. तिनं ते सगळं खोडायला लावलं. लग्नघरात असतं तसं केलं. बाया आणि पोरं तीन खोल्यांत, तिघं मुलगे एका खोलीत. मी म्हटलं, सुना नाराज होतील. "सुना वरीसभर त्यांच्यापाशीच हायत," ती म्हणाली. "चार दिस भाऊ भावापाशी निजू द्यात."

निघायला आठ दिवस राहिले आणि रायपूरचा, म्हणजे मधल्याचा, मला फोन आला. काका, आईला सांगा, एका सराफाचं मोठं काम आलंय, माल भट्टीत आहे, मी बायकोला आणि पोरांना पाठवतो. मला राग आला, पण गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत तोंड घालू नये हा माझा नियम. मी तिला बोलावून घेतलं आणि फोन लावून स्पीकरवर टाकला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाळा, तुझा बाप गेला तवाबी माल भट्टीतच हुता."

मी उगाच पंख्याकडे बघत बसलो.

"शटर ओढ, कुलूप लाव आन चावी घिऊन ये," ती म्हणाली. "बंदरावर माझ्या हातात दे. तिघांनीबी द्यायची. उतरल्यावर परत मिळंल."

"येतो," एवढंच तो म्हणाला. फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, "पाणी द्या की. नुसतं बसलाय."

मुंबईहून परत आल्यावर ती स्वतः पेढे घेऊन आली. जहाज किती मजली, पोरं पोहायच्या हौदातून कशी निघेनात, तपासणीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कसा काढून घेतला, सगळं झालं. मग तिनं म्हाळाच्या दिवसाचं सांगितलं.

जेवणाच्या मोठ्या दालनात तिनं आपल्या टेबलाला तेरावी खुर्ची लावून घेतली. खीर मिळाली, भात मिळाला, वडे मिळाले. लसूण-कांद्याचं काही घेतलं नाही. ताट वाढून त्या खुर्चीपुढे ठेवलं. पोऱ्यासारखा दिसणारा वाढपी दोनदा ताट उचलायला आला. "साब आ रहे हैं?" असं त्यानं विचारलं.

"मी म्हटलं, आयेंगे, थांब जरा. त्येंची येळ कवाच पाळलेली न्हाई त्येंनी."

मुलं आधी लाजून इकडेतिकडे बघत होती. मग थोरल्यानं त्या ताटाला हात जोडले, मधल्यानं जोडले आणि धाकटा एवढा मोठा बाप्या तिथंच रडायला लागला. दोघा भावांनी त्याला मधे घेतलं. "समुद्रात कावळा कुठनं आणायचा? घास माशास्नी टाकला," ती म्हणाली. हे सांगताना तिची मान ताठ होती. मी पेढा तोंडात टाकला.

तिनं नातवाच्या मोबाईलवर काढलेला एक फोटो मला दाखवला. कठड्याला टेकून तिघं भाऊ हसतायत, मागे नुसतं पाणी. कोपऱ्यात तिचं बोट आलंय. तेच टेबलावर आपटायचं बोट.

ती गेल्या फाल्गुनात गेली. झोपेतच. मी तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला गेलो. या वेळी धाकटा अग्नीला पोचला होता. मधला त्या दिवशी पहाटे उतरला होता. थोरल्याचं तिकीट मीच काढलं होतं, दहाव्याचं. दुसरं मिळतच नव्हतं, मी सगळ्या गाड्या बघितल्या.

ओसरीवर तो फोटो मोठा करून लावलेला होता. त्याच्याखाली दीर काठी घेऊन बसला होता. मला बघून म्हणाला, "बघा. यवढी हौस करून काय झालं? मरणाला काय तिघं एका टायमाला आली न्हाईत."

मयताच्या घरी वाद घालू नये हे मला कळतं. तरी मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"आली होती की," मी म्हटलं. "चार दिवस होती तिच्यापाशी. तुमचे दादासुद्धा होते."