मुक्या हरेशची बडबड

आम्ही चौघं बोईसरच्या एकाच कंपनीत. सुट्टी जुळली की सरावलीला माझ्या खोलीवर जमतो आणि मोबाइलवर विनोदी व्हिडिओ करतो. व्हिडिओ किती झाले ते सोडा, ते करताना झालेले किस्सेच इतके साठलेत की फोन बंद पडला तरी टाइमपास होईल! आणि बहुतेक सगळे हरेशचे.

हरेश सातपाटीचा, आमचा हीरो. जुन्या मूकपटांसारखे आमचे व्हिडिओ, काळेपांढरे, संवाद शून्य. डोक्यावर तिरकं हेल्मेट, चेहरा मख्ख, आणि पडतो असा की कंपनीतले यूपी, बिहार, ओडिशावाले सगळे एकदम हसतात.

संवाद का नाहीत? पहिल्या व्हिडिओत त्याला एकच वाक्य दिलं होतं. ते त्याने सुरू केलं आणि फोनची बॅटरी संपली तरी ते संपेना!

"अरे बस कर!" मी ओरडलो.

"करतो, पन आदी ऐक तं..."

त्याच दिवशी आम्ही त्याचं तोंड कायमचं बंद केलं. म्हणजे, पडद्यावर.

*

लोकांना तो खरंच मुका वाटला! एकदा दाढदुखीने त्याचा गाल एवढा सुजला की त्याला बोलवेना. मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर नेमके त्याचे फॅन निघाले. टॉर्च मारून बराच वेळ आत बघत बसले आणि हळूच मला म्हणाले, "दाढ किडलीय. पण अहो, जीभ तर एकदम नॉर्मल आहे!"

मी उडालोच.

*

त्याची आई मासळी विकते. गिऱ्हाइकं तिचा हात धरून डोळे पुसायला लागली. "जल्मापासून असाच हाय का गो?" तिने समजावून बघितलं, मग नाद सोडला.

एक दिवस हरेश बाजारात गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आये, भूक लागली!"

समोरच्या बाईच्या हातातलं पापलेट खाली पडलं. "बोलला! पोरगा बोलला!" अख्खा बाजार गोळा झाला, कुणीतरी नारळही फोडला. सगळे पांगल्यावर आईने त्याला दम भरला, "परत हितं तोंड उघडू नको. तुज्या नादात आज कुनी मासळीच नाय घेतली!"

*

इथवर मजा होती. मग हरेशची स्थळं परत जायला लागली. मुलगा चांगला, पण मुका! एकदा तो आमच्यासमोर बसून म्हणाला, "माजा लगीन तुमी घालवलात." पुढे तो काही बोललाच नाही. हरेश, आणि गप्प! 

मग आम्ही बोलका व्हिडिओ केला. हरेश थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "मी हरेश. मी बोलतो. मला लग्न करायचंय."

पहिली कमेंट आमच्याच कंपनीतल्या एकाची. "भाई, आवाज किसका डाला है? होंठ से मैच नहीं हो रहा!"

खाली दुसरी. "मुक्या माणसाची थट्टा करता? लाज नाही वाटत?"



*

आणि अचानक पाम गावाहून स्थळ आलं. आपणहून! हरेश, त्याची आई आणि आम्ही तिघं गेलो. ठरलं होतं की पोहे यायच्या आत हरेशने बोलायचं. पण मुलगी, मानसी, आधीच आली, समोर बसली आणि हरेशकडे बघून हातांनी भराभर खुणा करायला लागली. आम्हाला एकही कळेना.

तिचे वडील कौतुकाने म्हणाले, "तुमचे व्हिडिओ बगून पोरगी खुनांची भाषा शिकली. तुमच्यासाटी."

हरेशला घाम फुटला. "मी... मी मुका नाय."

मानसीचे हात हवेतच राहिले. "बाबा, हा बोलतो!"

"मंग बराच झाला की!"

"काय बरा? एवडी शिकले, ती आता कोनाशी बोलू?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

हरेश पुढे सरकला. मग म्हणाला, "मला शिकव. तवर मी गप बसतो."

 हरेशची आई ताडकन उठली. "पोरी, हो म्हन! जल्मात पयल्यांदा हा गप बसतो म्हनलाय!"