मागांपासून लांबची खोली

"लाइट गेली! पुस्तकं काढा!"

बुऱ्हाणपुरात वीज गेली की लोक हातपंखा शोधतात. आमच्या शाळेतल्या तिसरीच्या मॅडम वाचनाचा तास सुरू करायच्या. मग गणित चालू असो नाहीतर डबे उघडलेले असोत. शाळेच्या भिंतीला लागूनच पावरलूमचा कारखाना. माग चालू असले की टेबलावरचा खडू आपोआप सरकतो. वीज गेली की माग थांबतात, आणि तेवढ्यात मॅडमची पोरं एखादा धडा वाचून घ्यायची.

आम्ही बाकीचे शिक्षक मात्र माग थांबले तरी बोंबलतच राहायचो. सवयच तशी. एकदा माझं "बस खाली, गाढवा!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. समोरचा किराणावाला उठता उठता परत बसला म्हणे. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "ताई, माग बंद झालेत. आता तुम्हीपण व्हा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हट्टी म्हणून आपण त्यांना बाजूला सारतो. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना या बाईंनी पर्यावरण मानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स धरला. जागा, उजेड, आवाज यांचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, ते शिकायचं. नोकरीत असताना शिकत राहावं असं सरकारी कागदावर असतंच. त्यांनी ते खरं मानलं, एवढंच.

"काय वो मॅडम," पाचवीचे गुरुजी चहा पिता पिता म्हणाले, "झाडांना पण वेड लागतं का आता?"

"झाडांना नाही, मास्तरांना लागतं. म्हणून तर शिकतेय."

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. लपवलं नाही. "पुन्हा बसेन," म्हणाल्या आणि डब्यातली शेवभाजी पुढे सरकवली. पुन्हा बसल्या आणि पास झाल्या.

मग त्यांनी स्टाफरूम मागितली. सगळ्या शाळेत तेवढी एकच खोली मागांपासून लांब, चिंचेच्या बाजूला. तिथं चहाचा घोट गिळल्याचाही आवाज येतो. ती तिसरीला द्या, म्हणाल्या. तिसरीतली अर्धीअधिक पोरं अक्षर लावायला अडत होती, आणि वाचन हुकलं की पुढचं सगळंच हुकतं.

बडे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हसले. "मागवाल्यांची पोरं आहेत हो. त्यांना आवाजाची आदत असते. डोकंच चालत नाही, तिथं खोली काय करणार?"

"आदत कानाला होते, सर. डोकं मात्र तो आवाज ढकलण्यातच दमतं. मग वाचायला उरतं काय?"

माझे वडील मागावरच काम करायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. मला राहवलं नाही. "सर, मागवाल्याची पोर तुमच्यासमोर उभी आहे. बीएड करून."

तरी सरांनी खोली काही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहाला गेलो, तर स्टाफरूममध्ये सतरंजीवर तिसरी बसलेली. टेबल व्हरांड्यात. सर धावत आले. "आदेश कुठंय?"

"काढा ना. मी थांबते," मॅडम म्हणाल्या आणि पुढचं पान उघडलं.

पोरांना आधी ती शांतता सोसेना. "मॅडम, इथं कानात कसंतरी होतंय," एकजण म्हणाला. पण हळूहळू त्यांचे आवाज खाली आले. जी पोरगी शब्द ओरडून फेकायची, ती बोट ठेवून, थांबून, अर्थ लागला की हसून वाचू लागली. आम्ही व्हरांड्यात, मागांच्या खडखडाटात चहा प्यायचो. गुरुजी रोज शिव्या घालायचे, आणि रोज खिडकीतून डोकावायचे.

या वर्षी मॅडमची बदली झाली, इच्छापूरकडच्या एका खेड्यात. खोलीमुळे की नियमानं, कुणी सांगत नाही. जाताना कुणाच्या पाया पडल्या नाहीत की रडल्या नाहीत. "तिकडं कापसाच्या जिनिंगची मिल आहे म्हणे जवळ, दिवसभर खडखडते," एवढंच बोलल्या. जणू कुस्तीला निघाल्या होत्या.

त्यांच्यामागे तिसरी माझ्याकडे आली. सोमवारी बडे सर दोन माणसांना घेऊन टेबल आत ठेवायला आले. मी दारात उभी राहिले. माझ्यामागे एक मुलगा वाचत होता, अडखळत, पण स्वतःच्या आवाजात. सरांनाही मोठ्यानं बोलवेना.

"मॅडम, खोली रिकामी करा," ते कुजबुजले.

मीही तितक्याच हळू म्हटलं, "नाही करणार, सर."