रसानं विचारलेला शब्द

निमगाव केतकीचे कदम सर कुठलाही नवा शब्द ऐकला की डोळे मिटून विचारायचे, "ह्याचं माहेर कुठलं?" शाळेत ते संस्कृत शिकवायचे, मी इतिहास. त्यांच्या थोरल्या मुलानं, सतीशनं, लिथुआनियात नोकरी धरली, तिथल्याच रसाशी लग्न केलं, तेव्हा घरातल्या कुणालाच ते रुचलं नाही. सर मात्र तिच्या भाषेचा कोश मागवून बसले. अग्नीला तिकडं 'उग्निस' आणि दाताला 'दांतिस' म्हणतात, हे ते बाजारात भेटेल त्याला सांगत. वापरातून गेलेल्या शब्दांवर त्यांचा विशेष जीव.

मग सतीशला अपघात झाला आणि काही दिवसांनी तो इस्पितळातच गेला. रसा अस्थी घेऊन एकटीच आली. सर आणि मी तिला घेऊन घरी पोचलो, तर धाकटा प्रकाश डाळिंबाच्या बागेतून येऊन दारात आडवा उभा.

"दादाला हिनंच तिकडं अडकवला. कलश द्यायचा आन् माघारी जायचं," असं म्हणत त्यानं हात पुढं केला. रसानं कलश छातीशी घट्ट धरला आणि एक पाऊल मागं सरली. शेजारी गोळा झाले. प्रकाश आता कलश हिसकावणार, असं मला वाटलं.

सर दोघांच्या मध्ये गेले. प्रकाशकडं बोट करून रसाला म्हणाले, "दिएवेरिस." मला हळूच म्हणाले, "दीर. आपलाच शब्द हाय."

रसाला तो शब्द कळलाच नाही. तिच्या पिढीत तो कुणी वापरत नव्हतं. सरांचं बोट हवेतच राहिलं.

मग तिनंच इंग्रजीत सरांना विचारलं. इस्पितळात शेवटच्या दिवसांत सतीश मराठीच बोलायचा. त्यातला एक शब्द सारखा यायचा. तो तिनं पाठ केला होता, पण कोशात सापडला नव्हता. त्याचा अर्थ काय?

"पक्या," ती म्हणाली.

सर प्रकाशकडं वळले, "शेवटच्या दिवसांत दादा तुलाच हाक मारत होता." प्रकाशचा हात खाली आला. तो उंबऱ्यावरच बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

अस्थी रसा आणि प्रकाशनं मिळून नरसिंहपूरच्या संगमावर सोडल्या.

पुढं काही महिन्यांनी सर गेले. रसाला फोन प्रकाशनंच केला. "वहिनी," अशी हाक मारली आणि मग बातमी सांगितली.