भोपळ्यातला गूळ

मुंजाजीनं किडका भोपळा बांधला म्हणून सुग्रीवचा सिदू बुडता बुडता वाचला, असं आमच्या गावात आजही सांगतात. भोपळा किडका नव्हता. त्याला भोक मी पाडलं होतं, दाभणानं, भर दुपारी, कुणी बघत नाही हे बघून. तो सुग्रीव म्हणजे मीच. मुंजाजी आता राहिला नाही, आणि गावाचं तोंड बंद करायला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. म्हणून सांगायला बसलो आहे. फार उशीर झाला, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

माजलगावच्या अलीकडे दोन कोसांवर, सिंदफणेच्या काठी आमचं गाव. मुंजाजी हा गावातल्या विहिरींचा माणूस. कुणाची घागर पडली, बोलवा मुंजाजीला. गाळ काढायचाय, बोलवा मुंजाजीला. कुणी जीव दिला तरी वर काढायला तोच. ठेंगणा, फेंगड्या पायांचा, पाणी जाऊन जाऊन डावा कान बाद झालेला. बोलणं इतकं कमी, की त्याची बायको म्हणायची, ह्या माणसापेक्षा विहीर बरी, हाक मारली तर उलटून आवाज तरी देते. पण पोरांना पोहायला शिकवावं तर त्यानंच. दसऱ्याला एक नारळ आणि सूपभर ज्वारी, एवढ्यावर निम्म्या गावाची पोरं त्यानं पाण्याला लावली.

त्याची रीत ठरलेली होती. पोराच्या पाठीला वाळका, पोकळ भोपळा बांधायचा आणि बारवेत सोडायचं. पहिल्या वर्षी घागरीएवढा भोपळा, मग हळूहळू लहान, शेवटी तांब्याएवढा. त्याच्या ओसरीत आढ्याला हे सगळे भोपळे टांगलेले असायचे, प्रत्येकावर गेरूची वेगळी खूण. आणि भोपळा सोडायचा दिवस मुंजाजी कधीच ठरवत नसे. एक दिवस पोरगं आपणहून म्हणायचं, काका, आज भोपळा नको. तोवर तो थांबायचा. कुणी पंधरा दिवसांत म्हणालं, कुणाला दोन वर्षं लागली.

आईबापांसाठीही त्याचे कायदे होते, आणि ते निजामाच्या कायद्यांपेक्षा कडक होते. बारवेच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही, पाण्यातल्या पोराला एकच आवाज पुरतो, दोन झाले की ते गोंधळतं. एका हातात कोरडी घोंगडी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. पोरगं वर आलं की घोंगडी पांघरायची, गूळ द्यायचा. घरी जाताना किती पोहलास, कुणाच्या पुढं गेलास, हे विचारायचं नाही. 'भूक लागली का', एवढंच विचारायचं. आम्ही बाप लोक ह्याला पाठीमागं हसायचो. पोहणं पोरांचं आणि परीक्षा आमची, असं म्हणायचो.

माझ्या सिदूला भोपळा सुटत नव्हता. मानमोडीच्या तापातून वाचलेलं ते आमचं एकच लेकरू, तेव्हा दहा वर्षांचं. पोहायचं सुरेख. पाठीवरचा तांब्याएवढा भोपळा नुसता पाण्यावर डुलत असायचा, त्याचा काही उपयोग आहे असं बघणाऱ्याला वाटायचं नाही. पण भोपळा काढू म्हटलं की सिदू मान हलवायचा. मुंजाजी म्हणायचा, बरं. आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याला कारण होतं पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावची पाच पोरांची टोळी नदी पोहून पैलतीरावरच्या महादेवाला जायची आणि बेलाची माळ घेऊन परत यायची. पलीकडच्या गावची पाच पोरं आमच्या मारुतीला यायची. पहिला कोण आला ह्याला किंमत नव्हती. शेवटचं पोरगं काठाला लागलं की टोळी पोचली, असा हिशेब. त्या साली, फसली तेराशे तीसमध्ये, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकवीसमध्ये, सुंदरराव पाटलाचा पोरगा टोळीत होता. तो सिदूपेक्षा वर्षानं लहान. चावडीवर सुंदरराव सगळ्यांदेखत म्हणाला, "सुग्रीवचं पोरगं भोपळ्यासंगंच लगीन लावतंय जनू." लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र बैलाला उगाच चाबूक ओढला.

माझ्या डोक्यात आलं ते असं. पोराला पोहता येतं, फक्त धीर नाही. भोपळा पाठीवर असेल पण त्यात हवाच नसेल, तर ते भोपळ्याशिवायच पोहेल, आणि त्याला कळणारही नाही. काठाला आलं की मी सांगेन, बघ लेका, भोपळा तर कधीच भरला होता. पोरगं चकित होईल, गाव चकित होईल. अडाण्याला अक्कल आली की ती अशीच येते.

मुंजाजी कुणाची तरी घागर काढायला गेला होता. त्याच्या ओसरीत जाऊन मी सिदूचा भोपळा उतरवला, मानेखाली दाभणानं भोक पाडलं आणि त्याच दाभणानं त्यात गुळाचा खडा दाबून बसवला. गूळ पाण्यात हळूहळू विरघळेल, तोवर पोरगं मध्यावर गेलेलं असेल. जो गूळ मुंजाजीनं आम्हाला पोराच्या हातावर ठेवायला सांगितला होता, तो मी असा वापरला. भोपळा परत टांगला आणि घरी जाऊन घोंगडी घेऊन आलो, चांगल्या बापासारखा.

मी धरून चाललो होतो ती बारव. चारी बाजूंना पायऱ्या, दोन हात मारले की काठ. पण मुंजाजी आला आणि म्हणाला, पोळा पंधरा दिवसांवर आलाय, आज पोरांना डोहात नेतो. डोह म्हणजे नदीतला, दोन पुरुष खोल. तिथंच मी तोंड उघडायला हवं होतं. भोपळा बघ, एवढे दोन शब्द. पण शेजारी सुंदरराव पाटील उभा होता. त्याच्यापुढं माझी इज्जत जाईल म्हणून मी गप्प राहिलो. लोक म्हणतात माणूस रागाच्या भरात चुकतो. मला राग नव्हता, भरपूर वेळ होता, आणि तरी मी गप्प राहिलो.

डोहाच्या मध्यावर भोपळा कलला. सिदूनं मागं हात नेऊन चाचपून बघितलं, आणि तिथंच त्याचा धीर सुटला. भोपळ्यानं दगा दिला हे कळल्यावर त्याला स्वतःचे हातपाय आहेत हेही आठवेना. एकदा खाली गेला, वर आला, आणि काठावर मला शोधू लागला. मी त्याला दिसलो. तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्या भोपळ्याकडं बघत होतो. घोंगडी हातात धरून मी खांबासारखा उभा. मुंजाजी केव्हा गेला, केव्हा त्याला धरलं, मला सांगता येणार नाही. त्यानं सिदूला गुडघ्यावर पालथा घातला, पोटातलं पाणी काढलं. पोरगं रडलं तेव्हा मला श्वास आला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमली. सुंदरराव म्हणाला, भोपळ्याला कीड लागली होती, मुंजाजीनं न बघता पोराच्या पाठीला बांधला. भोपळा हातोहात फिरला. भोक सगळ्यांनी बघितलं. मुंजाजीनं तो शेवटी घेतला, उजेडाला धरला आणि मानेखाली बोट फिरवलं. मग म्हणाला, "भोपळा माझा हाय. कसूर माझा."

मग सगळे माझ्याकडं वळले. सुग्रीव, तू काय म्हणतोस, पोरगं तुझं आहे. मी म्हणालो, "मी काय म्हनू? लेकरू वाचलं, बास झालं." लोकांना वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. दोघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते हात मला अजून जाणवतात. त्या दिवसापासून मुंजाजीकडं कुणी पोर पाठवलं नाही. पुढं दुसऱ्या एका माणसानं टोळी धरली, आणि मुंजाजी घागरी काढत राहिला.

घरात मात्र माझं बिंग चौथ्या दिवशी फुटलं. माझी बायको सारजाबाई, बोलायला तिखट, पण त्या दिवशी हळू बोलली. पोतं शिवायला तिनं दाभण काढलं होतं. म्हणाली, "दाभनाला मुंग्या लागल्यात. कावून?" तिनं माझ्याकडं बघितलं, तापानं फणफणलेल्या पोराकडं बघितलं, आणि दाभण धुऊन जागेवर ठेवलं. मग एवढंच म्हणाली, की एकदा जाऊन सांगून टाका. मी म्हणालो, सांगतो. पोळ्याला सांगतो, दसऱ्याला सांगतो, असं करता करता नऊ वर्षं गेली. दर दसऱ्याला ती एक नारळ आणि सूपभर ज्वारी मुंजाजीच्या घरी गुपचूप पोचवायची. मी पाहूनही पाहत नसे.

सिदूचं काय झालं तेही सांगायला हवं. वर्षभर तो पाण्याकडं फिरकला नाही. मग आपणहून उतरला, भोपळ्याशिवाय, आणि तेराव्या वर्षी टोळीतून महादेवाची माळ घेऊन आला. गावानं मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. एकदा तो मला म्हणाला, "दादा, त्या दिशी तुमी काठावर दिसलात म्हनून मी हात मारत ऱ्हायलो. न्हाईतर गेलतो मी." मी उठून गोठ्यात गेलो. मुंजाजी रस्त्यात दिसला की मात्र सिदू वाट बदलायचा. मुंजाजीनं आपल्याला मारायला काढलं होतं, असं तो मित्रांना सांगायचा. मी ऐकायचो आणि ऐकून घ्यायचो.

नवव्या वर्षी मुंजाजी अंथरुणाला खिळला. सारजानं मला अक्षरशः ढकलत घराबाहेर काढलं. मी गेलो. ओसरीतले बाकीचे भोपळे केव्हाच गेले होते, एकच टांगलेला होता. त्यावरची गेरूची खूण मी ओळखली. खाली बसलो आणि म्हणालो, मुंजाजी, ते भोक किडीचं नव्हतं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "घरी आनला आन् दुसऱ्या दिशी त्याला मुंग्या लागल्या. कीड काय गूळ खाऊन भोक पाडती व्हय?"

मग चावडीवर का बोलला नाहीस, निदान नंतर तरी का नाही, असं मी विचारलं. त्यानं चांगला कान माझ्याकडं वळवला.

"बुडताना पोरगं तुझ्याकडं बघत व्हतं, सुग्रीव. मी बोललो असतो तर त्यानं फुडं कुनाकडं बघायचं? शिकवनारा दुसरा गावला त्याला. बाप कुठून आनला असता?"

मी त्याचे पाय धरले. म्हणालो, आजच चावडीवर जाऊन सांगतो. त्यानं मान हलवली. मी आहे तोवर नको, म्हणाला, आता लोकांनी येऊन हात जोडलेले मला सोसायचे नाहीत. माझ्यामागं तुझं तू बघ, असं म्हणाला. नऊ वर्षं मी मला वाचवत होतो आणि तो माझ्या पोराला वाचवत होता. दोघांचं गप्प राहणं दिसायला सारखंच होतं.

महिनाभरानं तो गेला. खांदा द्यायला माणसं कमी पडत होती. मी सिदूला चल म्हणालो. तो वैरण कापत होता, हातातला विळा न ठेवता म्हणाला, "मी न्हाई येनार. त्याच्या भोपळ्यापायी मलाच खांद्यावरून न्यायची येळ आलती."

गोठ्यात आम्ही दोघंच होतो. मी सांगितलं. दाभण सांगितलं, गूळ सांगितला, डोहाच्या काठावर तोंड उघडलं नाही ते सांगितलं. मुंजाजी काय म्हणाला तेही सांगितलं. माझं संपल्यावर त्यानं विळा खुंटीला लावला, हात धुतले आणि मुंजाजीच्या घराकडं निघाला. घरापासून नदीपर्यंत त्यानं कुणाला खांदा बदलू दिला नाही.

सगळं उरकल्यावर रिवाजाप्रमाणे आम्ही नदीत उतरलो. मी बुडी मारून वर आलो तेव्हा माणसं पांगली होती आणि मला हुडहुडी भरली होती. सिदू काठावर उभा होता, हातात कोरडी घोंगडी घेऊन. माझ्याकडं न बघता त्यानं ती माझ्या खांद्यावर टाकली. आम्ही गावाकडं चालू लागलो. तो काहीतरी विचारणार, हे मला कळत होतं. का केलंत, नऊ वर्षं कसे गप्प राहिलात, काहीही विचारलं असतं तरी मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. शिवी दिली असती तर तीही खाल्ली असती.

वेशीपाशी आल्यावर त्यानं विचारलं, "दादा, भूक लागली का?"