हद्दीपलीकडून आणलेली साडी

आमच्या घरी उल्हासनगरला खरेदीला जाणं म्हणजे परदेशवारीच. अंबरनाथची हद्द संपली की आई रिक्षात पदर सावरून ताठ बसते आणि तिची मराठी आपोआप हिंदी होते. आमच्या बुवापाड्यातून बाजार काही लांब नाही, तरी निघताना चपात्या, पाण्याच्या बाटल्या आणि डोकेदुखीचा बाम घेतल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. माझ्या लग्नाच्या खरेदीला तर आमच्याच गल्लीत राहणारी मावशीही सोबत होती, म्हणजे फौज पूर्ण झाली.

मला माझ्या साडीची काळजी नव्हती. आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, निवडायचा तो फक्त पोत आणि काठ. मला मावशीसाठी रंगीत साडी घ्यायची होती. काका गेल्यापासून ती राखाडी, बदामी, असल्याच धुवट रंगात वावरायची. आपल्यात हे पाळत नाहीत, असं भाषणात सगळेच सांगतात. गल्लीतल्या बायका मात्र डोळे वटारतात. विषय काढला की मावशी म्हणायची, "मला आहेत गं साड्या." पण मीही हट्टाला पेटले होते. लग्नात ती तशीच मागच्या खुर्चीत जाऊन बसली असती, तर मला पंचशील घेतानासुद्धा राग आवरला नसता.

बाजार नेहमीसारखा रस्त्यावर सांडला होता. हातगाड्या, हॉर्न, पकवानाच्या कडक पुऱ्या तळल्याचा वास आणि दर दहा पावलांवर "दीदी, देखो तो सही". आई आणि मावशीची भाव करायची पद्धत ठरलेली आहे. आईने भडकून दुकानाबाहेर पडायचं आणि मावशीने आत बसून गोड आवाजात म्हणायचं, "तिचं डोकं जरा गरम आहे भाऊ, तुम्ही माझ्याशी बोला." या नाटकावर दुपारपर्यंत चादरी, टॉवेल आणि नवरदेवाचे बूट पदरात पडले. मग दाल-पकवान खाऊन आम्ही साडीच्या दुकानात शिरलो.

गादीवर वयस्कर सिंधी शेठ होते, हसतमुख. आई बसता बसताच म्हणाली, "सफेद साडी दिखाओ." एवढंच. लग्नाचं नावच काढलं नाही. शेठनी मावशीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, चेहरा गंभीर केला आणि एक बिनकाठाची साधी पांढरी साडी तिच्या पुढ्यात ठेवली. "बहनजी के लिए ये ठीक रहेगी," ते हळूच म्हणाले. मग उजळल्या चेहऱ्याने त्यांनी माझ्यासमोर जरीकाठाची डाळिंबी साडी उलगडली.

आई अवघडली. माझ्या तर जिभेवर भांडण आलं होतं. तेवढ्यात मावशीच बोलली.

"शेठ, उलटं झालं. सफेद हिला पाहिजे, शादी हिची आहे. हमारे में दुल्हन सफेद पहनती है." मग तिने डाळिंबी साडी माझ्यासमोरून आपल्या मांडीवर ओढली. "और ये मेरी."

शेठनी कान पकडले. "माफ करना बहन, बधाई हो," म्हणत त्यांनी आरसा तिच्याकडे वळवला. मला इतका आनंद झाला की पांढऱ्या साडीचे काठ मी धड पाहिलेही नाहीत. आई मात्र सवयीने डाळिंबीच्या भावावरून भडकून उठली. मावशीने तिचा पदर ओढला. "बस खाली. हिच्यावरून भांडू नको."

परतताना बाकीच्या पिशव्या पायाशी आणि डाळिंबी साडीची तेवढी मावशीच्या मांडीवर. तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. दुकानात बोलणं वेगळं आणि गल्लीत नेसणं वेगळं. आईही रात्री जेवताना म्हणाली, "बघ, कपाटात ठेवून देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मावशी उभी होती, डाळिंबी साडीत, कमरेवर भरलेली कळशी घेऊन.

"घडी मोडून ठेवते म्हटलं," ती म्हणाली. "लग्नात कडक राहिली तर चालता येत नाही."

आईने कळशी उतरवून घेतली. मावशीच्या घरात नळ आहे. तरी ती पाणी यायच्या वेळेला, गल्लीच्या नळावर सगळ्या बायकांसोबत रांगेत उभी राहून आली होती.