सलायनचं पथ्य

आरोंद्याच्या आमच्या दवाखान्यात कोणी "डॉक्टर, पथ्य काय?" असं विचारलं की डॉक्टर कॉन्स्टान्सियो फर्नांडिस यांचं डोकं फिरायचं. "गोळी येळार घे, ह्यांच पथ्य," म्हणून ते पुढच्या पेशंटला हाक मारायचे. मी तिथे अठरा वर्षं नर्स आहे. पथ्य न सांगणारा डॉक्टर आमच्या लोकांना अर्धवट वाटतो, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल! पण ऐकतील तर ते डॉक्टर कसले?

झाडपाला, मंतरलेलं पाणी आणि मोबाईलवर फिरणारी औषधं यांच्यावर त्यांचा भारी राग. कोणी मधुमेहावर कारल्याचा रस म्हटलं की सरबत्ती सुरू: किती जणांनी घेतला? किती बरे झाले? न घेता किती झाले असते? समोरचा बिचारा खोकला दाखवायला आलेला असायचा.

गेल्या ऑगस्टात मंगेश आला, बायको तन्वीच्या खांद्यावर हात टाकून. भाताच्या मळ्यात राबणारा तिशीतला गडी, पण डोळे पिवळेजर्द, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चालवेना, लघवीही कमी झालेली.

"लेप्टो आसा, उंदराच्या मुतान होता तो ताप. आजच मोठ्या इस्पितळात जा, नायतर किडन्यो जातल्यो," डॉक्टर म्हणाले.

"सावित्रीकाकीन काविळीचां औषध दिल्यान हा," मंगेश म्हणाला. "तीन दिस पथ्य आसा. घर सोडूचां नाय."

डॉक्टर असे काही ओरडले की मंगेश उठून घरी गेला. मला डॉक्टरांचाच राग आला, आणि तसं मी बोललेही.

त्यांनी उरलेले पेशंट तपासले. मग स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि चक्क सावित्रीकाकीच्या अंगणात नेऊन उभी केली. काकी सत्तरीची. कसलीशी मुळी ताकात उगाळून देते, बदल्यात एक नारळ घेते.

"वैनी, साधी कावीळ आपसूक बरी होता आणि नाव तुमचां होता. होवंदे. पण ही ती कावीळ न्हय. मंगेश मरतलो."

"मगे मी काय करू?"

"तेका जावक सांगा. माझां ऐकणा नाय तो. तुमचां ऐकतलो."

हे शब्द त्यांना किती जड गेले ते मी पाहिलं. काकीने चपला घातल्या. मंगेशच्या घरी जाऊन तिने ठणकावलं, "माझ्या औषधाक सलायनचां पथ्य आसा. आत्ताच्या आत्ता जा, नायतर मुळी उलटतली!" डॉक्टर उंबऱ्यावर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून उभे. मंगेश मुकाट्याने मी बोलावलेल्या गाडीत बसला.

दोनदा डायलिसिस झालं. सतरा दिवसांनी तो चालत दवाखान्यात आला. डॉक्टरांना राहवलं नाही. "पथ्य-बिथ्य खोटां होतां. तू इंजेक्शनान वाचलंस." मी कपाळाला हात लावला.

"माका ठावक होतां," तन्वी शांतपणे म्हणाली. "ह्येंकाय."

"मगे पयल्याच दिसा कित्याक गेलंस नाय?" डॉक्टरांनी मंगेशला विचारलं.

मंगेश जमिनीकडे बघत म्हणाला, "चार वर्सांमागे माझ्या बापाशीक तुमीच मोठ्या इस्पितळात धाडलात. गाडयेतसून आडवे इले. माका भियां वाटलां. पण भियां वाटता म्हणान कोणाक सांगतलंय?"

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांना मंगेशचा बाप महादू आठवला, मलाही. नऊ दिवस हीच लेप्टोची कावीळ अंगावर काढून आलेला. डॉक्टर घरच्यांना एवढंच म्हणाले होते, "उशीर केलात." मग पुढच्या पेशंटला हाक. कारल्याच्या रसावर तासभर बोलणारा माणूस, पण महादूला काय झालं ते त्याच्या मुलाला त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. नंतर विचारपूसही केली नाही. मीही नाही.

त्या दिवशी मी दार लावून घेतलं. महादूच्या शरीरात काय काय झालं ते त्यांनी दिवसावारी, सावकाश सांगितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. मंगेशने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी तेंका चार दिस आदी हाडलां असतां तर?"

खोटं बोलणं डॉक्टरांना जमत नाही. "वाचले असते," ते म्हणाले. "पण तुका ह्यां ठावक नव्हतां. माका ठावक होतां, आणि मी गावात कोणाक सांगलंय नाय. नुसतो बोंबलत रवलंय."

मंगेश रडायला लागला. डॉक्टर उठून त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.